पेटींतलें आकाश

माधवनगरच्या एखाद्या घरांत चुलीवर ठेवलेलें आधण शंभर अंशांवर उकळतें, असें शालेय पुस्तकाच्या आधारें कोणीहि सांगेल. उष्णतामापक त्यांत बुडवून पाहिला तर पारा मात्र ९८ च्या आसपासच थबकतो. सांगलीकडचा हा मुलूख समुद्रसपाटीपासून सुमारें ५५० मीटर उंच आहे. तेवढ्यानें डोक्यावरील हवेचा भार घटतो आणि पाण्यास वाफ होऊन निसटणें तितकेंच सोपें जातें. कृष्णेच्या उगमापाशीं, महाबळेश्वरीं, आधण ९५-९६ अंशांवरच उसळूं लागतें. लडाखांत लेह येथें ८८ च्या सुमारास. तेथें उघड्या भांड्यांतली डाळ कितीहि वेळ उकळली तरी दाताखालीं कचकचतेच.

उंचीवर फसणारी वस्तु डाळ एवढी एकच असती तर झाकणावर दगड ठेवून भागलें असतें. परंतु विरळ हवा यंत्राची उष्णता पुरेशी वाहून नेत नाहीं. हवाबंद डबा फुगतो. जमिनीवर जी विजेची ठिणगी उडाली नसती ती तेथें उडते. थंडीनें वंगण घट्ट होतें आणि रबर काचेसारखें तडकतें. हें सारें प्रत्यक्ष पर्वतावर किंवा विमानांत घडण्यापूर्वींच कळावें, म्हणून आकाशालाच पोलादी पेटींत कोंडून वस्तु त्याच्या हवालीं करण्याची रीति पडली.

उंचीबरोबर हवेचा दाब घटतो हें १६४८ सालीं फ्रान्समध्यें सिद्ध झालें. पास्कलच्या सांगण्यावरून त्याचा मेहुणा पेरिए पाऱ्याची नळी घेऊन प्वी-द-दोम हा डोंगर चढला, आणि शिखरावर पारा उतरलेला त्यास आढळला. पुढें बारा-एक वर्षांत इंग्लंडांत बॉइलनें वायुपंपाच्या साह्यानें कांचेच्या भांड्यांतील हवा काढून घेतली. डोंगर चढण्याचे श्रम तेव्हांच वांचले म्हणावयाचे! पण ज्या पेटींत मनुष्य स्वतः बसूं शकेल ती येण्यास आणखी दोन शतकें लोटावीं लागलीं.

ती पॅरिसच्या पॉल बेर ह्या शरीरशास्त्रज्ञाची. लोखंडी कोठींत स्वतः बसून तो बाहेरून हवा उपसावयास लावी. मळमळूं लागलें, नाडी धावूं लागली, कीं जवळच्या पिशवींतून प्राणवायु ओढून घेई, आणि दोन्ही लक्षणें शमत. १८७४ सालीं अशा रीतीनें तो एव्हरेस्ट शिखराइतक्या विरळ हवेंत, पॅरिस न सोडतां, जाऊन आला. त्याच वर्षीं सिव्हेल व क्रोसे-स्पिनेली हे दोघे फुगेवाले त्याच्या कोठींत बसले, आणि मग प्राणवायु बरोबर घेऊन सुमारें ७,३०० मीटरपर्यंत सुखरूप चढले.

१५ एप्रिल १८७५ रोजीं हेच दोघे तिसान्दिए ह्या सोबत्यासह ‘झेनिथ’ नांवाच्या फुग्यांतून निघाले. बरोबर नेलेला प्राणवायु अपुरा आहे, असें बेरनें परगांवाहून पत्रानें कळविलें होतें. पत्र पोहोंचावयास उशीर झाला. प्राणवायु जपून वापरावयाचा म्हणून त्यांनीं तो शेवटच्या क्षणासाठीं राखून ठेवला. तो क्षण आला तेव्हां तिसान्दिएच्या हातांत नळी उचलण्याचें त्राण उरलें नव्हतें. अपायाची चाहूल लागण्याऐवजीं उलट एक प्रकारचा आनंदच वाटत होता, असें त्यानें मागाहून लिहिलें. ८,००० मीटरांपलीकडे जाऊन फुगा उतरला तेव्हां तो एकटाच जिवंत होता, आणि त्याची श्रवणशक्ति गेली होती. कोठीनें सांगावयाचें तें सांगितलें होतें. चुकलें तें किती प्राणवायु लागेल ह्या हिशेबांत.

अशाच एका हिशेबाचा प्रश्न पुढें मुंबईस पडला. होमी भाभांनीं उभारलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेस विश्वकिरणांचा अभ्यास करावयाचा होता. त्यासाठीं उपकरणें हवेच्या बहुतेक आवरणाबाहेर न्यावीं लागत, आणि चुंबकीय विषुववृत्ताजवळील दक्षिण भारत त्यास फार सोयीचा होता. आरंभीं रबरी फुग्यांचे घोस सोडीत. १९५० नंतरच्या दशकांत मेनन प्रभृति शास्त्रज्ञांच्या पुढाकारानें संस्था पॉलिथिनचे मोठे फुगे करूं लागली, आणि ते सोडण्याचें ठिकाण म्हणून हैदराबाद पुढें आलें.

येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे, कारण ती प्रथम ऐकणारास उलटीच वाटते. युरोपाच्या डोक्यावर सुमारें ११ किलोमीटरांवर थंडी उणे ५५ अंशांच्या आसपास येऊन थांबते. उष्ण कटिबंधांत मात्र तापलेली हवा अधिक उंच चढते, चढतांना प्रसरण पावून निवत जाते, आणि १६-१७ किलोमीटरांवर पारा उणे ८० अंशांच्याहि खालीं जातो. जमीन भाजते तेथेंच आभाळ अधिक गारठलेलें! थंड देशांच्या आकाशासाठीं केलेला फुगा ह्या थरांत ठिसूळ होऊन फाटूं शकतो. पापुद्रा केसाहून पातळ, संत्र्याच्या फोडींप्रमाणें कापलेल्या लांब पट्ट्या उष्णतेनें सांधून केलेला. एका जागीं तडा गेला कीं संशोधकांचें महिनोन्‌महिन्यांचें काम मातींत.

म्हणून परदेशी मोजमाप येथें पुरेसें नव्हतें. पापुद्र्याची परीक्षा आपल्या आकाशाच्या थंडीसच घ्यावी लागे. उपकरणांसहि थंडीबरोबर विरळपणा सोसावा लागतो. जाड दाराची, रबरी कडेनें घट्ट मिटणारी पेटी. एका बाजूस हवा उपसणारा पंप, दुसऱ्या बाजूस शीतयंत्र. आंतील ओलावा आधीं काढून टाकावा लागतो, नाहींतर वस्तूवर हिम धरतें आणि परीक्षा भलत्याच गोष्टीची होते. उपकरण आंत चालूं ठेवूनच पाहतात, कारण निजलेलें यंत्र आपले दोष दाखवीत नाहीं. परततांना दाब सावकाश वाढवितात.

हैदराबादेस जमिनीवरचा वारा पडलेला असतांना, बहुधा पहांटेच्या सुमारास, फुगा सोडतात. वायु थोडाच भरलेला असल्यामुळें तो उभ्या, सुरकुतलेल्या पडद्यासारखा वर जातो. तासाभरानें तो त्या अतिथंड थरांत शिरतो, आणि खालची मंडळी दूरमापकाच्या आंकड्यांवर नजर खिळवून बसलेली असतात.