स्वतःच्या चरित्रांतील नट

पडद्यावर थोरांचीं चरित्रें येतात तीं बहुधा नायक निवर्तल्यावर. अमेरिकन बेसबॉलपटू जॅकी रॉबिन्सन यांच्या वांट्याला मात्र निराळाच योग आला. १९५० सालीं निघालेल्या 'द जॅकी रॉबिन्सन स्टोरी' या बोलपटांत ३१ वर्षांच्या रॉबिन्सननीं स्वतःचीच भूमिका केली. नायक स्वतः साक्षीला उभा असतां चित्रपट सत्यापासून ढळणार कसा, असें कोणासही वाटेल. आम्हांस मात्र येथेंच शंका येते.

बेसबॉलच्या प्रमुख संघांचीं दारें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून कृष्णवर्णीयांस बंद होतीं. तसा लेखी नियम नव्हता. मालकांचा मूक संकेत पुरेसा होता. ऑगस्ट १९४५ मध्यें ब्रुकलिन डॉजर्स संघाचे चालक ब्रँच रिकी यांनीं रॉबिन्सनना बोलावून अट घातली: शिव्या पडोत, धक्के बसोत, उलट हात उगारावयाचा नाहीं. ती त्यांनीं पाळली. १९४६ चा हंगाम माँट्रियल येथें काढून १५ एप्रिल १९४७ रोजीं ते डॉजर्सतर्फे मैदानांत उतरले. १९४९ मध्यें नॅशनल लीगचे सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरले.

रिकींची अट हाच चित्रपटाचा गाभा. सोशिक नायक प्रेक्षकांस प्रिय होतो, कारण त्याचा राग त्यांना सोसावा लागत नाहीं. परंतु हे रॉबिन्सन स्वभावानें सोशिक नव्हते. १९४४ मध्यें लष्करांत असतांना बसमध्यें मागें जाऊन बसण्याचा हुकूम त्यांनीं झुगारला, लष्करी न्यायालयापुढें उभे राहिले आणि निर्दोष सुटले. त्यांचें मौन हा स्वभाव नसून पत्करलेलें ओझें होतें.

चित्रपटाचा शेवट वॉशिंग्टन येथील साक्षीनें, लोकशाहीवरील विश्वासाच्या सुरांत होतो. प्रत्यक्षांत जुलै १९४९ मध्यें काँग्रेसच्या समितीनें त्यांना बोलाविलें होतें तें गायक पॉल रोब्सन यांच्या उद्गारांचें खंडन करण्यासाठीं. त्यांनीं तें केलें; पण अन्यायाचा निषेध कम्युनिस्टानें केला म्हणून तो खोटा ठरत नाहीं, हेंही तेथेंच बजावलें. पुढें १९७२ च्या आत्मचरित्रांत, असें आमंत्रण आतां आलें तर आपण तें नाकारूं, अशी कबुली त्यांनीं दिली. राष्ट्रगीतास उभें राहून तें गाणें आपल्याच्यानें होत नाहीं, असेंही लिहिलें. त्याच वर्षीं ते वारले.

२०१३ चा '४२' हा चित्रपटही १९४७ च्या हंगामाशींच थांबतो. विजयाच्या क्षणीं पडदा पाडणें कलेस सोयीचें असतें. पण बोस्टनच्या संघानें पहिला कृष्णवर्णीय खेळाडू घेतला तो १९५९ मध्यें! एक माणूस आंत गेला म्हणजे दार उघडलें असें होत नाहीं. आणि आंत जाण्यासाठीं त्यानें काय गिळलें, हें पाहिल्यावांचून त्याचें चरित्र पुरें झालें असें आम्ही म्हणणार नाहीं.