खाऱ्या तळ्यातला प्रकाश : प्रस्तावना

सूर्याची उष्णता साठवायची म्हटले की डोळ्यांपुढे काच, आरसे आणि तांब्याच्या नळ्या येतात. सौर तळ्यात यांपैकी काहीच लागत नाही. वर जवळजवळ गोडे पाणी, तळाशी दाट खारे पाणी आणि मध्ये खाली जावे तसा खारेपणा वाढत जाणारा थर, एवढीच त्याची रचना. गुजरातेत भुजला असे तळे बांधले गेले: 100 मीटर लांब, 60 मीटर रुंद आणि साडेतीन मीटर खोल. मे 1991 मध्ये त्याच्या तळाचे पाणी 99.8 अंश सेल्सिअसपर्यंत तापले. सप्टेंबर 1993 पासून ही उष्णता तिथल्या डेअरीला मिळू लागली. पाणी तापवण्याचे इतके साधे साधन आपल्या शेजारच्या राज्यात उभे राहिले, याचा मला आनंद वाटतो.

ही युक्ती मुळात निसर्गाची. ट्रान्सिल्व्हेनियातल्या मेडवे सरोवरात सव्वा मीटरहून थोडे खाली, उन्हाळ्याच्या अखेरीस, पाणी सुमारे 70 अंशांवर असल्याची नोंद कालेचिन्स्की यांनी 1902 मध्ये प्रसिद्ध केली.

वाचकांनी सुरुवातीलाच एक गैरसमज दूर ठेवावा. मीठ ऊन पकडत नाही; शुद्ध मीठ दृश्य प्रकाश जवळजवळ अडवतच नाही. ते पाणी जड करते. साध्या तळ्यात तळाचे पाणी तापले की हलके होऊन वर येते आणि उष्णता हवेत घालवते. खारे पाणी तापूनही वरच्या पाण्याहून जडच राहते, म्हणून जागचे हलत नाही. मधला स्थिर थर उष्णतेला अडवतो, उजेडाला मात्र वाट देतो.

ती वाट सगळ्या किरणांना सारखी नाही, आणि या विषयाची खरी गोडी इथेच आहे. अवरक्त किरणांचा मोठा भाग, म्हणजे पाण्यात शिरलेल्या ऊर्जेचा पाचवा हिस्सा तरी, पहिल्या सेंटिमीटरभरातच संपतो. पुढे तांबडा प्रकाश विरतो. निळा-हिरवा सर्वांत खोल जातो. राब्ल आणि नील्सन यांनी 1975 मध्ये मांडलेल्या सूत्राने हिशेब केला, तर स्वच्छ पाण्यात एक मीटर खाली सुमारे 36 टक्के ऊर्जा उरते आणि दोन मीटर खाली सुमारे 30 टक्के. पहिला मीटर जवळजवळ दोन तृतीयांश ऊर्जा घेतो, दुसरा अवघे सहा टक्के! म्हणूनच मधला थर मीटरभर जाड ठेवणे परवडते. अर्थात पाणी नितळ असेल तर. शेवाळ, वाऱ्याने आलेली धूळ, मिठाबरोबर आलेली माती यांनी ते गढूळले की हा सगळा हिशेब बिघडतो. तळे राखणाऱ्यांचे बरेच कष्ट यासाठीच असतात.

समीकरणांकडे वळण्याआधी तुम्ही एक प्रयोग जरूर करून पाहा. काचेच्या लहान टाकीत मिठाचे दाट द्रावण घ्या, त्यावर गोडे पाणी अगदी हळू सोडा आणि टाकी दिवसभर हलवू नका. मग एका बाजूने, थर जिथे मिसळले आहेत त्या उंचीवर, लेझर पॉइंटरचा किरण आडवा सोडा. तो कुणाच्या डोळ्यांवर जाणार नाही याची काळजी घ्या. गोड्या पाण्याचा अपवर्तनांक सुमारे 1.33, तर संपृक्त खाऱ्याचा सुमारे 1.38. त्यामुळे किरण सरळ न जाता खाऱ्या बाजूला, म्हणजे खाली, वळलेला दिसेल. तो पाहून झाल्यावर अपवर्तनाचे प्रकरण उघडावे.