लेखकाची परवानगी

सोलापूरजवळचं होटगी हे गदगच्या फाट्याचं जंक्शन. अशा गावांत जत्रेला हौशी नाटक बसवताना लेखकाची परवानगी बहुधा शेवटी आठवते. इंग्रजांचा १९११चा कॉपीराइट कायदा इथं लागू झाला, आपला १९५७मध्ये आला. त्यात गावाचाही विचार आहे. हौशी मंडळाचा फुकट किंवा देवस्थानच्या मदतीसाठी केलेला प्रयोग चालतो. पण शाळेच्या इमारतीसाठी तिकीट लावलं, की परवानगी हवी. गडकरी १९१९मध्ये गेले. त्यांची नाटकं आता सर्वांची. एरवी लेखकाचा हक्क मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. मंडपवाल्याचे, रंगभूषाकाराचे पैसे आपण चुकते करतो. मग लेखकाचंच मानधन का बुडावं, असं मला वाटतं.