पेट्रोलमध्ये काय काय मिसळलं

आमच्या मालवणात गाडीचं अ‍ॅव्हरेज कमी झालं की पहिला संशय पंपावर जातो. अमक्या कंपनीचं पेट्रोल चांगलं, तमक्या पंपावर भरलं की आंबोलीचा घाट चढताना गाडीला धाप लागते, असं छातीठोकपणे सांगणारे प्रत्येक वाडीत भेटतात. त्यातही गोव्याचं पेट्रोल म्हणजे अस्सल! २०१२ साली मनोहर पर्रीकरांच्या सरकारने पेट्रोलवरचा व्हॅट जवळजवळ काढूनच टाकला, तेव्हा लिटरमागे मोठा फरक पडला आणि बांद्याच्या पुढे पत्रादेवीला आपल्या एमएच-०७ च्या गाड्या टाक्या भरायला जाऊ लागल्या. स्वस्त म्हणून घेतलेलं पेट्रोल बघता बघता 'चांगलं' ठरलं.

पंपावरच्या पाटीला तसा फारसा अर्थ नाही. पूर्वी बर्मा शेल, एस्सो, कॅलटेक्स अशा परदेशी कंपन्या होत्या. १९७४ मध्ये एस्सोचं हिंदुस्तान पेट्रोलियम झालं, १९७६ मध्ये सरकारने बर्मा शेल ताब्यात घेतली आणि तिचं पुढे भारत पेट्रोलियम झालं. आज या कंपन्या एकमेकींच्या डेपोतून माल उचलतात आणि साध्या पेट्रोलचं मानक सगळ्यांना एकच आहे. २००२ च्या सुमारास 'स्पीड', 'पॉवर' अशी महागडी पेट्रोलं आली. त्यांत इंजिन आतून स्वच्छ ठेवणारी रसायनं असतात. त्यांचा थोडा उपयोग होतो, पण ९१ ऑक्टेनवर चालायला बनवलेल्या इंजिनात ९५ चं पेट्रोल ओतून ते घोड्यासारखं धावत नाही. ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे. पेट्रोल वेळेआधी पेटून इंजिनात जी टकटक होते, ज्याला गॅरेजवाले नॉकिंग म्हणतात, ती किती सहन होईल याचं ते माप आहे.

म्हणून पेट्रोल कुणाचं, यापेक्षा त्यात काय मिसळलंय हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. आणि त्याचं उत्तर प्रत्येक काळात गाडीवाल्याला न विचारता ठरलेलं आहे.

उर्दू शिकवणारा माणूस असल्यामुळे शब्दांकडे आधी लक्ष जातं. 'नॅफ्था' हा शब्द आपल्या ओळखीच्या 'नफ्त'चाच भाऊ. हजारेक वर्षांपूर्वी अल-राझी यांनी 'किताबुल असरार'मध्ये काळं नफ्त भट्टीवर चढवून त्यातून स्वच्छ, पांढरं नफ्त कसं काढायचं ते लिहून ठेवलं. आणि 'अल्कोहोल' आला 'अल-कुहल'वरून, म्हणजे डोळ्यांत घालायच्या सुरम्यावरून! बारीक केलेली पूड, मग कुठल्याही पदार्थाचा शुद्ध अर्क, मग दारूचा अर्क, असा तो अर्थ युरोपात घसरत गेला. हे दोन अरबी शब्द आज आपल्या स्कूटरच्या टाकीत एकत्र नांदतात. पेट्रोलमध्ये अल्कोहोल म्हणजे कपड्यावर उडालं तर नमाजाचं काय, असं मला दोन-तीन जणांनी गंभीरपणे विचारलं आहे. आपण कोकणी मुसलमान शाफई, म्हणून प्रश्न अगदीच गमतीचा नाही. पण तो मसला मी उलेमांकडे सोपवतो.

टकटक थांबवायला अल्कोहोल चालतं हे १९२० च्या सुमारासच अमेरिकेत ठाऊक होतं. पण ते कुणालाही गाळता येतं, त्याचं पेटंट मिळत नाही आणि ते भरपूर ओतावं लागतं. १९२१ मध्ये जनरल मोटर्सच्या थॉमस मिजली यांना शिशाचं एक संयुग सापडलं, जे चिमूटभर पुरत होतं. १९२४ मध्ये न्यू जर्सीच्या कारखान्यात ते बनवताना पाच कामगार विषबाधेने गेले. तरीही शिसं जगभर पसरलं. आपल्याकडे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या गाड्यांसाठी १९९५ मध्ये चार महानगरांत शिसेविरहित पेट्रोल आलं आणि देशभर शिसं बंद झालं ते २००० च्या फेब्रुवारीत. म्हणजे आज चाळिशीत असलेल्या प्रत्येकाने बालपणी तो धूर घेतला आहे. जगात शेवटी थांबला तो अल्जीरिया, २०२१ मध्ये.

अल्कोहोलची गोष्ट मात्र आपल्याकडेही जुनी आहे. स्वातंत्र्यानंतर लगेच, १९४८ मध्ये, साखर कारखान्यांच्या मळीपासून बनणाऱ्या 'पॉवर अल्कोहोल'साठी कायदा झाला. तो पडून राहिला आणि २००० मध्ये रद्द झाला. गंमत अशी की पुढच्याच वर्षी, २००१ मध्ये, इथेनॉल मिसळण्याचे प्रायोगिक प्रकल्प सुरू झाले. त्यांतले दोन महाराष्ट्रात होते, मिरज आणि मनमाड. ऊस जिथे, प्रयोग तिथे.

मनमाडचं नाव आलं की मला दुसरंच मिश्रण आठवतं. २५ जानेवारी २०११ रोजी, प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या दिवशी, मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना तिथे तेलात भेसळ करणाऱ्यांनी भरदिवसा जिवंत जाळलं. रेशनचं रॉकेल स्वस्त आणि इंधन महाग, त्या फरकावर ही टोळी जगत होती. रॉकेलाने पेट्रोलचं ऑक्टेन उतरतं, इंजिन ठोकू लागतं, धूर वाढतो, प्लग काळे पडतात. 'त्या पंपावरचं पेट्रोल वाईट' या जुन्या तक्रारीत तथ्य होतं ते इथे. रंग कुठल्या कंपनीचा याच्याशी त्याचा संबंध नव्हता. कुणी किती रॉकेल ओतलं, याच्याशी होता.

कायदेशीर मिश्रण पुढे वाढत गेलं. २००३ पासून महाराष्ट्रासह नऊ राज्यांत पाच टक्के, २०२२ मध्ये देशभर सरासरी दहा, आणि २०३० चं वीस टक्क्यांचं लक्ष्य अलीकडे ओढून २०२५ मध्ये गाठलं. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. वीस टक्क्यांचा एक तृतीयांश म्हणजे साडेसहाच्या आसपास, हे सातवीतलं पोरही सांगेल. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातही तेच आहे: जुन्या चारचाकीचं अ‍ॅव्हरेज ६ ते ७ टक्के आणि जुन्या दुचाकीचं ३ ते ४ टक्के घटेल, नव्या जुळवलेल्या चारचाकीचं १ ते २. पंधराचं अ‍ॅव्हरेज देणारी जुनी गाडी चाळीस लिटरमध्ये सहाशे किलोमीटर जायची. त्यातले छत्तीस ते बेचाळीस गेले, म्हणजे मालवण ते कुडाळ आणि वर थोडं.

ऊर्जा कमी असली तरी इथेनॉलचं ऑक्टेन जास्त, म्हणून नव्या इंजिनाला ते मानवतं. परकी चलन वाचतं, शेतकऱ्याला आणि कारखान्याला पैसा मिळतो, हेही खरं. पण त्याच आराखड्यात साखरेपासून एक लिटर इथेनॉल करायला २,८६० लिटर पाणी लागतं असंही लिहिलंय. मराठवाड्याने ते वाचावं.

आम्हा कोकणातल्या माणसांना अडचण दुसरी आहे. इथेनॉल पाणी शोषतं. पावसाळ्यात अर्ध्या टाकीने महिनाभर उभी राहिलेली, झाकणाचा रबर गेलेली स्कूटर सुरू होत नाही, तेव्हा बऱ्याचदा पाणी इथेनॉलला घेऊन तळाशी बसलेलं असतं आणि इंजिन तेच ओढतं. जुन्या गाड्यांतले रबराचे पाइप आणि सील लवकर जातात, ते वेगळंच. गाडी ठेवून परदेशी नोकरीला जाणाऱ्यांनी टाकी रिकामी करून जावं.

त्या आराखड्याने आणखी दोन गोष्टी सुचवल्या होत्या: जुन्या गाड्यांसाठी दहा टक्क्यांचं पेट्रोल पंपावर ठेवावं आणि ऊर्जा कमी म्हणून वीस टक्क्यांचं स्वस्त विकावं. २०२५ मध्ये पेट्रोलियम मंत्रालयाने सांगितलं की इथेनॉलच आता पेट्रोलपेक्षा महाग पडतं. इथेनॉलविरहित पेट्रोलचा पर्याय मागणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली. मालवणात माझ्या ओळखीच्या बऱ्याच जणांच्या गाड्या २०२३ च्या आधीच्या आहेत, आणि ते लिटरमागे तेच पैसे मोजतात.