काठोकाठ भरलेले पाणी आणि गुदमरलेली मुळे

१/ १८६० साली मुंबईत विहार तलावाचे पाणी नळाने आले. त्याच वर्षी जर्मनीत युलियस झाक्स या वनस्पतिशास्त्रज्ञाने जमिनीवर वाढणारे रोप मातीविना, केवळ क्षार विरघळवलेल्या पाण्यातही वाढू शकते, हे प्रयोगाने मांडले. या दोन घटनांची गाठ आज गिरगाव-लालबागच्या खिडकीत पडते. ती कशी, ते पाहू. #थ्रेड #इतिहास

२/ चाळीच्या खिडकीत किंवा टॉवरच्या बाल्कनीत पाण्याच्या डब्यावर पालक, पुदिना, लेट्यूस लावणारी तरुण मंडळी आता पुष्कळ आहेत. अनेकांचा अनुभव सारखाच असतो. रोप उत्तम उगवते, तीन-चार आठवडे जोमाने वाढते आणि एके दिवशी पाण्यात उभे असूनही माना टाकते. मुळे तपकिरी, बुळबुळीत, कुबट वासाची. पाणी तर होते. मग झाले काय?

३/ उत्तराचा पहिला धागा आपल्या देवघरातच आहे. अश्विन शुद्ध प्रतिपदेला घट बसतो. टोपलीत किंवा पत्रावळीवर माती, तीत धान्य, मधोमध पाण्याने भरलेला घट. घट मातीचा असला तर त्यातून पाणी हळूहळू पाझरते आणि भोवतालची माती ओली राहते, पण चिखल होत नाही. दसऱ्याला तेच कोवळे तुरे टोपीत खोवायचे.

४/ हे अंकुर पिवळे आणि उंच का असतात? देवघराच्या कोपऱ्यात उजेड अपुरा असतो, म्हणून. आणि खताविना नऊ दिवस वाढतात कसे? पहिल्या काही दिवसांची शिदोरी बी स्वतःबरोबर घेऊन येते. तेव्हा बीजाला आरंभी खत नको. ओल, हवा आणि कोंब दिसताच उजेड हवा. घरच्या घरी रोपे करण्याचा हा पहिला धडा.

५/ मग झाडाचे अन्न कुठे असते, पाण्यात की मातीत? १६९९ मध्ये इंग्लंडच्या जॉन वुडवर्ड यांनी पुदिन्याच्या जातीचे रोप पावसाच्या, टेम्स नदीच्या आणि बागेची माती मिसळलेल्या पाण्यात वाढवून पाहिले. पाणी जितके गढूळ, तितकी वाढ अधिक. म्हणजे निव्वळ पाणी पुरत नव्हते. त्यात मातीतले काहीतरी लागत होते.

६/ हे ‘काहीतरी’ काय, याचा उलगडा झाक्स आणि त्यांचे समकालीन विल्हेल्म क्नोप यांनी केला. रोप बुचाच्या भोकात बसवायचे आणि मुळे द्रावणात सोडायची. द्रावणात कॅल्शियम, पोटॅशियम, मॅग्नेशियम, नायट्रेट, फॉस्फेट, सल्फेट आणि किंचित लोह. मातीचे गूढ क्षारांच्या यादीत उतरले. मात्र ही रीत बराच काळ प्रयोगशाळेपुरतीच राहिली.

७/ ती बाहेर काढली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या विल्यम गेरिक यांनी, १९२९ च्या सुमारास. त्यांची रचना लक्षात ठेवा: खाली द्रावणाचे उथळ टाके, वर तारेची जाळी, जाळीवर भुशासारख्या पदार्थाचा थर, आणि जाळी व द्रावण यांच्यामध्ये मोकळी हवा. १९३७ मध्ये त्यांनी या पद्धतीला ‘हायड्रोपोनिक्स’ हे नाव दिले.

८/ वृत्तपत्रांनी ते डोक्यावर घेतले. घरोघरी चमत्कार घडणार, असे वातावरण झाले. तेव्हा त्याच विद्यापीठातील डेनिस होगलँड आणि डॅनियल आर्नन यांनी १९३८ मध्ये एक पुस्तिका काढून भाबड्या आशेला लगाम घातला. चांगल्या मातीपेक्षा पाण्यात पीक फार अधिक येत नाही, हे त्यांनी सांगितले. मुळांना हवा मिळण्यावरही भर दिला.

९/ भारतात ही विद्या रुजली ती बंगालमध्ये. १९४३ च्या भीषण दुष्काळानंतर, १९४६ मध्ये जे. शोल्टो डग्लस यांनी कालिंपाँग येथे प्रयोग सुरू केले. यंत्रसामग्री परवडत नाही, म्हणून त्यांनी खडी-वाळू भरलेल्या कुंडांची साधी रीत बसवली. खडीच्या फटींतून पाणी निथळते, हवा शिरते. १९५१ मध्ये त्यांचे या ‘बंगाल पद्धती’वरचे पुस्तक आले.

१०/ मुंबईत याच प्रश्नाला मातीचेही एक उत्तर मिळाले. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर २००२ पासून प्रीती पाटील आणि सहकाऱ्यांनी ओल्या कचऱ्याचे खत करून भाज्या-फळे पिकवली. वाट वेगळी, पण तत्त्व तेच: भुसभुशीत खत मुळांना ओल देते आणि हवाही देते.

११/ आता त्या मेलेल्या रोपाकडे वळू. मूळही श्वास घेते. २० अंश तापमानाच्या एक लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो. ३० अंशांवर तो साधारण साडेसात मिलिग्रॅमवर येतो. उलट उकाड्यात मुळांची प्राणवायूची गरज वाढते. मुंबईच्या मे महिन्यात स्थिर पाण्याचा डबा म्हणजे मुळांसाठी कोंदट खोली.

१२/ हवाई बेटांवरील बर्नार्ड क्राटकी यांनी पंपाविना यावर तोड काढली. २००९ मध्ये त्यांनी तिचे प्रकार मांडले. डबा एकदाच भरायचा. झाड पाणी पिते, पातळी उतरते, वर दमट पोकळी तयार होते. त्या पोकळीतली मुळे हवा घेतात, तळाची मुळे पाणी आणि क्षार. पातळी उतरणे हा दोष नाही. तोच या रीतीचा प्राण.

१३/ आणि इथेच मुंबईचा स्वभाव आड येतो. पाण्याची ठरलेली वेळ आणि नळावरच्या रांगा यांनी पिढ्यानुपिढ्या आपल्या हाताला एक सवय लावली: पाणी आले की पिंप, हंडा, कळशी काठोकाठ भरायची. घर त्या सवयीने तगले. पण त्याच मायेने रोपाचा डबा काठोकाठ भरला, की हवेला सरावलेली मुळे बुडतात आणि गुदमरतात.

१४/ इतिहासाचे सार हाताशी ठेवावे ते असे:
• बी ओल्या स्पंजात किंवा कोकोपीटमध्ये, साध्या पाण्यावर
• कोंब दिसताच उजेडात
• खरी पाने आली की सौम्य द्रावण
• स्पंजाचे बूड द्रावणाला जेमतेम टेकलेले
• शेवाळ धरू नये म्हणून डबा बाहेरून झाकलेला, उन्हापासून दूर
• पाणी वाढवायचेच तर निम्मी पोकळी तरी मोकळी
मूळ पांढरे असेल तर निश्चिंत राहावे. तपकिरी व कुबट झाले तर द्रावण बदलून डबा घासून घ्यावा.

१५/ झाक्सच्या बुचापासून गेरिकच्या जाळीपर्यंत आणि कालिंपाँगच्या खडीपासून क्राटकीच्या डब्यापर्यंत मातीविना शेतीच्या कहाणीत नाव पाण्याचे झाले, पण कसोटी पाहिली ती हवेने. पुढच्या वेळी नळाला पाणी आले, की हंडा खुशाल काठोकाठ भरा. रोपाचा डबा मात्र चार बोटे रिता ठेवा.