पागडीपासून पनवेलपर्यंत

गिरगावातील आमची खोली वडिलांनी १९५८ साली घेतली. 'घेतली' हा शब्द आमच्या घरचा. खोली अर्थातच चाळमालकाची होती आणि आम्ही भाडेकरू. तरीही एका दलालाच्या मार्फत वडिलांनी मालकाला त्या वेळी डोळे फिरवणारी रक्कम मोजली होती, आणि तीपायी आईच्या पाटल्या मोडल्या होत्या. त्या रकमेची पावती नव्हती. दरमहा भाड्याची पावती येई, ती तेवढी आई पत्र्याच्या डब्यात जपून ठेवी. मोठ्या रकमेची पावती का नाही, असे मी शाळकरी वयात एकदा विचारले, तेव्हा वडील म्हणाले, "अरे, तो दलाल साक्षी आहे ना!"

वडिलांचे उत्तर त्या काळाला धरूनच होते. महायुद्धापूर्वी मुंबईत चाळीचाळींवर 'जागा भाड्याने देणे आहे' अशा पाट्या लोंबत, असे जुनी माणसे सांगत. युद्ध आले, पाठोपाठ फाळणीचे निर्वासित आले, आणि पाट्या नाहीशा झाल्या. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून टाकले. आत असलेल्या भाडेकरूला या कायद्याने जगविले, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु बाहेर उभ्या असलेल्याला दार उघडे ते पागडीनेच. आणि पागडी घेणे तर त्याच कायद्याने गुन्हा! व्यवहार घरोघर चालायचा आणि कागदावर कोठेच उमटायचा नाही. अशा व्यवहारात मधल्या माणसाचा शब्द हाच दस्तऐवज. दलालाच्या कुजबुजीची, इराण्याच्या हॉटेलातील त्याच्या बैठकीची आपण पुष्कळ थट्टा केली. पण उघड बोलायची त्याला सोय कोठे होती?

पुढे मालकी हक्काचे फ्लॅट आले. बांधणारा पैसे घेई, करार देई न देई. म्हणून १९६३ साली महाराष्ट्र सरकारने खास कायदा केला. शेकडा वीसपेक्षा अधिक रक्कम घ्यायची तर आधी करार करून तो नोंदवावा, जमिनीचा हक्क आणि मंजूर नकाशे गिऱ्हाइकाला दाखवावेत, असे त्यात बजावले. पागडीला मात्र कायद्याची मान्यता मिळायला ३१ मार्च २००० ही तारीख उजाडावी लागली. त्यामुळे आमची खोली सोडताना मालकाने आपला हिस्सा उघडपणे घेतला आणि आमचे पैसे आम्हांला धनादेशाने मिळाले. आईने पाटल्या देऊन आत नेलेले घर असे पावतीसकट बाहेर आले. ते पाहायला ती नव्हती.

त्या पैशांत मुंबईत काही बसणे शक्य नव्हते. मुलगा म्हणाला, पनवेल पाहू.

पनवेल आम्हां गिरगावकरांना ऐकून ठाऊक. पूर्वी मुंबईहून पुण्यास जाणारा माणूस पडावाने पनवेल बंदरात उतरे आणि पुढे गाडीरस्त्याने बोरघाट चढे. तो घाटरस्ता १८३० साली खुला झाला. १८६३ मध्ये बोरघाटातून आगगाडी धावू लागली, ती कर्जतवरून. पनवेल बाजूला पडले. मग शंभराहून अधिक वर्षांनी, १९७० साली, सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतील पंचाण्णव गावांच्या जमिनींवर नव्या मुंबईचा नकाशा आखला गेला. नकाशावरच्या रेघा सरळ असतात. जमीन देणाऱ्यांचे आयुष्य तसे नसते. १९८४ च्या जानेवारीत जासई परिसरातील आंदोलनावर गोळीबार झाला आणि पाच जण प्राणांस मुकले. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील त्या लढ्यातून पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. १९९८ साली लोकल पनवेलपर्यंत पोहोचली, आणि ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नव्या विमानतळाचे उद्घाटन झाले.

हा इतिहास मी उगाळतो आहे, कारण घर पाहणाऱ्याच्या पायात तोच येतो. जुन्या पनवेलात गावठाणाची, पिढ्यान्‌पिढ्यांची मालकीची जागा. नव्या पनवेलात सिडकोने भाडेपट्ट्याने दिलेली. आणि साडेबारा टक्क्यांच्या भूखंडावरील इमारत असेल तर सिडको, मूळ शेतकरी आणि बांधणारा यांचा त्रिपक्षीय करार पाहावा लागतो. फ्लॅटला आतून रंग तोच, फरशी तीच. भाडेपावतीवर साठ वर्षे काढलेल्या माणसाला यातले काय कळणार?

पहिल्या दलालाने आम्हांला वडाळे तळ्यापासून जवळच एक सदनिका दाखवली. चौथा मजला, पूर्वेचा उजेड, देवघराला कोनाडा. आमच्या सौभाग्यवतींनी तिथेच मनातल्या मनात तुळस ठेवली. "काका, दुसरं गिऱ्हाईक उद्या येतंय," असे तो म्हणाला आणि मी बयाण्याचा धनादेश लिहायला चष्मा काढला. मुलाने कसाबसा दोन दिवसांचा अवधी मागून घेतला आणि कोणाच्या तरी सांगण्यावरून एका गृहस्थाला गाठले.

हे गृहस्थ पन्नाशीचे, जवळच्याच गावचे. वडिलांची भातशेती संपादनात गेलेली. साडेबारा टक्क्यांसाठी कचेऱ्यांच्या रांगांत उभे राहता राहता सातबारा, फेरफार, मंजूर नकाशा वाचायला शिकलेले. त्यांनी प्रथमच सांगितले, "काका, मी विकणाऱ्याकडून पैसा घेत नाही. माझे पैसे तुम्ही द्यायचे, ठरलेले. घर स्वस्त मिळो की महाग, ते बदलणार नाहीत."

मला हे चमत्कारिक वाटले. दलाली म्हणजे किमतीवर शेकडा एक-दोन, आणि जमल्यास दोन्ही बाजूंनी, हीच आपली समजूत. मालकाच्या संमतीवाचून प्रतिनिधीने त्याच्या कामात स्वतःचा व्यवहार साधू नये, हे १८७२ च्या करार कायद्यात लिहिलेले आहे. (पनवेलचा धूतपापेश्वर औषधी कारखानाही त्याच सालचा, त्याची औषधे मात्र या कलमापेक्षा अधिक घरांत पोहोचली.) विलायतेत घरे विकणारा एजंट विकणाऱ्याचा असतो, म्हणून काही लोक घर शोधायला स्वतःचा वेगळा माणूस नेमतात. आमच्याकडे असा माणूस मिळतो, हे मला ठाऊक नव्हते.

त्यांनी तळ्याजवळच्या इमारतीचे कागद काढले. मंजूर नकाशात इमारत तीन मजल्यांची होती. आमचा कोनाडा चौथ्यावर!

"अहो, पण तिथे माणसं राहतात की," सौभाग्यवती म्हणाल्या.

"राहतात, काकू. विकायची वेळ येईल तेव्हा त्यांना कळेल."

बाईंनी दोन दिवस कोणाशी धड भाषण केले नाही.

पुढचे दोन महिने गृहस्थांनी आम्हांला मुद्दाम भर पावसात हिंडवले. गाढी नदीच्या बाजूचे रस्ते पाहिले. २६ जुलै २००५ ला पाणी कोठवर चढले होते, हे ते इमारतीच्या रखवालदाराला न विचारता समोरच्या वाण्याला विचारीत. उन्हाळ्यात टँकर किती येतात, हे सोसायटीच्या हिशेबवहीत पाहात. पनवेलची जुनी तहान देहरंग धरणावर कधीच पुरती भागली नाही, ही गोष्ट जाहिरातीत कोण छापील?

मी एकदा त्यांना म्हटले, "आता तर २०१७ पासून महारेरा आहे. दलालांना नोंदणी आहे, २०२३ पासून परीक्षाही आहे. मग भीती कसली?" ते हसले. नोंदणीची ती सक्ती विकासकाकडून विकल्या जाणाऱ्या प्रकल्पांतील घरांपुरती. जुने घर एका कुटुंबाकडून दुसऱ्याकडे जाते, तेथे मधल्या माणसाला ती लागू नाही. आमच्या ऐपतीत बसणारे घर जुनेच होते. म्हणजे वडिलांच्या आणि माझ्या दलालात कायद्याने म्हणावे तितके अंतर पाडलेलेच नव्हते. अंतर होते ते कागदांचे. ते मागून घेण्याची सोय आता झाली होती, एवढेच. आणि ते वाचणारा माणूस हवा होता.

शेवटी नव्या पनवेलात दुसऱ्या मजल्यावर घर मिळाले. भोगवटा प्रमाणपत्र होते, तीस वर्षांचा हक्कशोध स्वच्छ निघाला, सिडकोची हस्तांतरणाची परवानगी आली. कोनाडा नाही, देवघर स्वयंपाकघरातील फळीवर आहे. दस्त नोंदवून बाहेर आलो, तेव्हा मी गृहस्थांना त्यांची रक्कम दिली. त्यांनी खिशातून पावतीपुस्तक काढले, रक्कम अक्षरी लिहिली, तिकीट लावून सही केली आणि पावती सौभाग्यवतींच्या हातात दिली. तिने ती पर्समध्ये न ठेवता घरी येईपर्यंत हातातच धरली होती.