लोवेल : एका गिरणीनगराची खानेसुमारी

खानेसुमारीचे आंकडे रुक्ष असतात, अशी सामान्य समजूत आहे. परंतु एखाद्या शहराचे दोनच आंकडे शेजारीं ठेवले, तरी त्यांच्यामध्यें मोठा इतिहास दडलेला आढळतो. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स संस्थानांतील लोवेल हें असेंच एक मध्यम शहर. १९२० सालीं तेथील लोकसंख्या १,१२,७५९ होती. २०२० सालीं ती १,१५,५५४ भरली. शंभर वर्षांत तीन हजारांचीही भर नाहीं! मग काय हें शहर शतकभर स्वस्थ बसलें होतें?

मेरिमॅक नदी येथें सुमारें ३२ फूट खालीं उतरते. त्या पाण्याच्या जोरावर बोस्टनच्या भांडवलवाल्यांनीं १८२३ सालीं कापडाची गिरणी चालू केली. फ्रान्सिस कॅबट लोवेल यानें विलायतेंतील यंत्रमाग पाहून त्याची रचना ध्यानांत ठेवून आणली होती. तो १८१७ सालींच वारला. गांवाला मात्र त्याचें नांव मिळालें. कामाला प्रथम आल्या त्या आसपासच्या शेतकऱ्यांच्या मुली. कंपनीच्या वसतिगृहांत राहावें, घंटेबरोबर उठावें आणि दिवसाचे बारा तास, किंबहुना अधिकही, राबावें, असा त्यांचा क्रम असे. तरीही त्यांनीं स्वतःच्या लेखनाचें मासिक चालविलें. १८३४ सालीं मजुरी कापली गेली आणि १८३६ सालीं वसतिगृहाचा आकार वाढला, तेव्हां दोन्ही वेळां त्यांनीं संप केला.

या गिरण्यांचा कापूस दक्षिणेंतील गुलामांच्या श्रमाचा होता. १८६१ सालीं यादवी युद्ध पेटलें, कापूस थांबला आणि लोवेलच्या अनेक गिरण्या बंद पडून हजारों कामकरी उघडे पडले. त्याच कापसाच्या टंचाईनें मुंबईच्या व्यापाऱ्यांवर सोन्याचा पाऊस पाडला; १८६५ सालीं युद्ध संपतांच तीही श्रीमंती कोसळली.

पुढें गिरण्या पुन्हां चालल्या. आयरिश, फ्रेंच-कॅनेडियन, ग्रीक, पोलिश, पोर्तुगीज असे लोक एकामागून एक आले. परंतु १९२० नंतर स्वस्त मजुरीच्या ओढीनें धंदा दक्षिणेकडे गेला. जुन्या यंत्रांवर नवा पैसा घालण्यास मालक तयार नव्हते. १९८० सालीं लोकसंख्या ९२,४१८ वर आली. मध्यंतरीं वँग या संगणक कंपनीनें शहराला हात दिला. तिचेंही १९९२ सालीं दिवाळें वाजलें.

तरीही ओस पडलेलीं घरें पुन्हां भरलीं. कंबोडियांतील कत्तलींतून वांचलेले निर्वासित १९८० नंतर येथें मोठ्या संख्येनें स्थायिक झाले. १९७८ सालीं जुन्या गिरण्या व कालवे राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान ठरले होतेच. आतां कोठें गिरणींत संग्रहालय आहे, तर कोठें बिऱ्हाडें. विद्यापीठ हाही शहराचा एक आधार झाला आहे. २०२२ सालीं कंबोडियांत जन्मलेले सोखारी चाऊ येथील महापौर झाले.

आंकडा जवळजवळ तोच राहिला. माणसें आणि धंदे मात्र पालटले. एकाच धंद्यावर विसंबलेलें शहर त्याच्याबरोबर खचतें, हें लोवेलनें दोनदां अनुभविलें. तें पुन्हां उभें राहिलें, तें परक्या मुलखांतून रिकाम्या हातांनीं आलेल्या माणसांमुळें. गिरणगांवचे भोंगे ज्यांनीं ऐकले आणि ते थांबलेलेही पाहिले, त्यांना ही हकीकत फार दूरची वाटूं नये.